सभ्य माणसांना प्रवेश नाही

केस गळणं वेगळं आणि छत गळणं वेगळं. एवढी साधी गोष्ट मला या वयात लोकांना समजावून सांगावी लागली, तीही पुन्हा पुन्हा, यावरून जग कुठल्या थराला गेलंय याची कल्पना यावी.

आमच्या बाथरूमचं छत गळत होतं. धो धो गळत असतं तर मी काही बोललो नसतो. धो धो गळण्याला निदान एक इभ्रत असते, लोक बघायला येतात, हळहळतात. आमचं छत थेंबाथेंबानं गळायचं, आणि बरोबर मानेवर. अंगावर गरम पाणी घ्यावं, जरा बरं वाटावं, की टप्! समोरच्या घरात राहणारे निवृत्त हेडमास्तर म्हणाले, "मन एकाग्र करायला उत्तम साधन आहे. थेंबाकडे लक्ष द्यायचं." त्यांचं स्वतःचं छत कोरडं ठणठणीत. दुसऱ्याच्या छताखाली एकाग्र होणं फार सोपं असतं.

वरच्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेल्या बाईंकडे मी जाऊन आलो होतो. म्हणजे दारातूनच चार शब्द सुनावून आलो होतो. त्या लायब्ररीत नोकरीला. त्यामुळे आवाज इतका हळू, की भांडायची पंचाईत. मी ओरडतोय, आणि त्या मान हलवून म्हणतायत, "हो काका. बरोबर आहे तुमचं. बघते मी." नंतर त्यांच्याकडे प्लंबर येऊन गेल्याचं कळलं. थेंबाला मात्र ते कोणी कळवलेलं दिसलं नाही. मी विमा कंपनीत जन्मभर लोकांचे दावे तपासले. जळालेलं गोडाऊन, चोरीला गेलेली गाडी, शिडीवरून पडलेला मेव्हणा, सगळं पाहिलं. 'बरोबर आहे तुमचं' म्हणणाऱ्या माणसाइतका लबाड माणूस दुसरा नाही, हे माझं तेव्हापासूनचं मत.

मग इमारतीच्या सेक्रेटरीकडे गेलो. त्यानं विचारलं, "गळती खाजगी आहे की सामाईक?"

"म्हणजे?"

"पाइप त्या बाईंचा असेल तर खाजगी, आमचा संबंध नाही. इमारतीचा असेल तर सामाईक, कमिटीपुढे येईल."

"ते कळायला भिंत फोडावी लागेल ना?"

"भिंत फोडायला परवानगी लागेल."

"मग द्या."

"कशी देणार? खाजगी की सामाईक ते आधी कळायला नको?"

मी त्याच्याकडे बघत राहिलो. तोही माझ्याकडे बघत राहिला. त्या माणसाला पापणी न लववता बसता येतं. जन्माला आला तोच कमिटीवर आला असावा.

घरी येऊन मी जे काही बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. ही भाजी निवडत शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "अहो, मला ऐकवून पाइप दुरुस्त होणारे का? कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरांनी म्हणे गळतीवाल्यांसाठी इंटरनेटवर फोरम काढलाय. तिकडे लिहा. ज्यांना ऐकायचंय ते तरी ऐकतील."

या डॉक्टरांच्या दवाखान्यालाही मध्यंतरी ओल आली होती. इतकी, की आ करून पडलेल्या एका पेशंटच्या तोंडात छताचा पोपडा पडला. पेशंटला वाटलं हे बिल्डिंगचं नाही, त्याच्याच दाढेचं आहे. त्या दुःखातून डॉक्टरांनी ओल, गळती आणि पोपडे यांनी पिडलेल्यांसाठी फोरम सुरू केला आणि त्याचं नाव ठेवलं 'ओलावा'. नाव वाचून सुरुवातीला बरेच एकाकी लोक वेगळ्याच अपेक्षेनं आले, आणि सिमेंटवरची चर्चा वाचून निघून गेले म्हणे. असो. मी तिथे 'पोपडा' या नावानं दाखल झालो आणि काळजाला हात घालेल असं लांबलचक लिहिलं.

पहिलं उत्तर आलं: 'खूप छान माहिती सर. असेच लिहीत राहा.' दुसरं आलं: 'सर, गळतीवर खात्रीशीर तेल. मुळापासून काम करते.' तिसरं एका बाईच्या नावानं: 'गळती थांबली, आत्मविश्वास वाढला! माझे पती आता आरशासमोरून हलतच नाहीत.' म्हणजे 'गळती' हा शब्द दिसला की तेलाची बाटली घेऊन धावत सुटायचं, एवढंच या लोकांना ठाऊक. मी लिहिलं, 'माझ्या केसांना काही झालेलं नाही. माझं छत गळतंय.' त्यावर उत्तर आलं: 'अभिनंदन सर! आपला अनुभव वाचून आनंद झाला.'

आनंद झाला! माझ्या मानेवर थेंब पडतोय आणि यांना आनंद झाला! मी चपला घातल्या आणि तसाच दवाखान्यात गेलो.

डॉक्टर म्हणाले, "बसा ना खुर्चीत. बोलता बोलता दातही बघून घेतो." दातांच्या डॉक्टरांशी भांडायला जाऊ नये, गेल्यास खुर्चीत बसू नये. त्यांनी दिवा डोळ्यांवर आणला, तोंडात आरसा घातला, गालाच्या आत कापूस कोंबला आणि म्हणाले, "हं, बोला."

मी जे बोललो त्यात एकही व्यंजन नव्हतं. तरी त्यांना भावना पोहोचली. "खरंय तुमचं," ते म्हणाले. "खरा सदस्य कुठला आणि स्पॅमवाला कुठला, तेच आम्हाला कळेनासं झालंय. मी दिवसभर लोकांच्या तोंडात. ताई बघते फोरमचं, पण तिला कोणाला नाही म्हणवत नाही."

ताई म्हणजे त्यांची मोठी बहीण. दवाखान्याचं काउंटर तीच सांभाळते. तिथूनच ती म्हणाली, "दारात आलेल्याला हाकलायचं कसं? आणि किती गोड बोलतात हो ते. आमच्या पेशंटांपैकी एक जण कधी 'असेच दात काढत राहा' म्हणाला नाही."

"तुम्ही विम्यात होतात ना?" डॉक्टर एकदम म्हणाले. "खोटे दावे पकडायचात ना? मग आम्हाला मदत करा की. मॉडरेटर व्हा."

मला 'विचार करून सांगतो' असं म्हणायचं होतं. पण कापूस होता. डॉक्टरांनी तोच होकार धरला. खरं सांगायचं तर कापूस नसता तरी मी होच म्हणालो असतो. निवृत्त झाल्यापासून माझ्यावर कोणी संशय घ्यायचं काम सोपवलं नव्हतं.

मी कामाला लागलो. फोरमवरचं जुनं लिखाण सगळं वाचून काढलं आणि एक गोष्ट लख्ख दिसली. खरा गळतीवाला नमस्कार घालत नाही. त्याची सुरुवात 'हद्द झाली' किंवा 'आता हे बघा' अशी. पूर्णविराम द्यायला त्याला फुरसत नसते. तो डागाचा आकार सांगतो. एकाच्या भिंतीवर मांजरासारखा डाग होता आणि त्याची शेपटी कपाटामागे लांबत चालली होती. एका बाईंचा डाग हुबेहूब सासऱ्यांच्या चेहऱ्यावर गेला होता, त्यामुळे त्यावर रंग फासायचं धाडस त्यांना होत नव्हतं. असलं कोणी रचून सांगत नाही. आणि खोटा माणूस? तो सदैव आनंदात! त्याला सगळं छान वाटतं, सगळ्यांचे विचार सुंदर वाटतात. मी सिद्धांत मांडला: खरा माणूस चिडलेला असतो. गोड बोलणारा तो खोटा.

डॉक्टरांना सिद्धांत एकदम पटला. त्यांच्या धंद्यातही गोडापासूनच सगळी कीड.

मी नव्या सदस्यांसाठी एकच प्रश्न ठेवला: 'तुमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांबद्दल दोन शब्द लिहा.' काय सांगू, चाळणी लागावी तसं झालं. तेलवाले लिहायचे, 'खूप छान लोक सर. संपर्क करा.' चला, बाहेर! खरे लोक दोन शब्दांवर कधी थांबलेच नाहीत. एकानं लिहिलं, 'देव त्यांचं भलं करो, पण दुसऱ्या गावी नेऊन करो.' मी त्याला ताबडतोब आत घेतलं.

फोरम स्वच्छ झाला. डॉक्टरांनी खूश होऊन माझे दात आपणहून घासून दिले. मी घरी छाती काढून हिंडायला लागलो. ही म्हणाली, "आणि आपलं छत?"

"ते वेगळं खातं," मी म्हणालो.

पण चोर काही झोपलेला नसतो. थोड्याच दिवसांत एका नव्या सदस्यानं लिहिलं: 'वरचा माणूस एक नंबरचा नालायक, उलट्या काळजाचा, रात्रंदिवस पाणी सोडतो, जीव नकोसा केलाय.' वाचताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं. याला म्हणतात खरा माणूस! मी आत घेतला. दुसऱ्या दिवशी त्यानं पुढचं वाक्य लिहिलं: 'या त्रासानं माझे सगळे केस गेले होते, पण सुदैवानं एक तेल मिळालं.'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माझाच सिद्धांत, आणि माझ्याच डोक्यावर तेल! मी नियम कडक केले. नुसत्या शिव्या चालणार नाहीत, शिव्यांना पुरावा हवा. जुन्या सदस्यांनाही सोडलं नाही. 'छत्रीवाला' नावाचे एक गृहस्थ होते. त्यांच्या संडासात इतकं गळायचं की ते छत्री उघडून बसत. अत्यंत भला माणूस. फोरमवर कोणाचंही काही अडलं की शांतपणे उपाय सांगायचा. हा शांतपणाच मला खटकला. मी त्यांना लिहिलं, 'छत्रीचा फोटो पाठवा.' त्यांनी विचारलं, 'उघडी की मिटलेली?' मी लिहिलं, 'जागेवर. उघडी. तुमच्यासकट.' त्यांनी पाठवला, आणि खाली लिहिलं, 'झालं समाधान, मूर्खा?' मी त्यांच्या नावापुढे 'खरा सदस्य' अशी खूण केली. त्यानंतर त्यांनी कोणाला उपाय सांगणं बंद केलं.

एकंदरीतच फोरमवर उपाय सांगणं बंद झालं. चिडका माणूस खरा ठरतो म्हटल्यावर जो तो चिडायला लागला. कोणी 'धन्यवाद' लिहिलं की चारजण त्याच्या अंगावर धावून जायचे. मांजराच्या डागवाले गृहस्थ आणि सासऱ्यांच्या डागवाल्या बाई यांचं कोणाचा डाग मोठा यावरून वाजलं. ताई म्हणाली, "भाऊसाहेब, स्पॅमवाले होते तेव्हा निदान कोणी कोणाचं अभिनंदन तरी करत होतं."

मी म्हणालो, "औषध कडूच असतं."

आणि मग 'पानगळ' आली.

नाव वाचूनच मी सावध झालो. नावातच गळ टाकलेला! तिनं लिहिलं होतं:

'नमस्कार. माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. वरच्या मजल्यावर राहणारी मीच. माझ्या घरातून खालच्यांच्या बाथरूममध्ये पाणी गळतं. खालच्या काकांना फार त्रास होतोय, ते चिडतात, आणि त्यांचं चिडणं बरोबरच आहे. प्लंबर म्हणतो माझ्याकडे काही दोष नाही. पण त्यांचा थेंब तर थांबत नाही. मला त्यांच्यासाठी आणखी काय करता येईल? कोणी सांगितलं तर आभारी राहीन.'

मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. हिला हाक मारली. "बघ! बघ हे! खोटं बोलावं, पण किती? वरच्या मजल्यावरचा माणूस, आणि खालच्यांची काळजी? जगाच्या पाठीवर असं कधी झालंय? आणि 'आणखी काय करता येईल' म्हणे. उद्या हीच विचारेल, कुठलं रसायन चांगलं, आणि परवा तेच रसायन विकेल!"

हिनं चष्मा लावून वाचलं. म्हणाली, "मला तर चांगली बाई वाटते."

"तेच! तेच तर!"

ताईनंही फोन केला. "भाऊसाहेब, ही बाई खरी आहे. मला आतून वाटतंय."

"तुम्हाला तेलवालेही आतून वाटत होते," मी म्हणालो, आणि पानगळला बाहेर काढलं.

फोरमचा नियम असा, की बाहेर काढलेल्यानं मॉडरेटरकडे दाद मागावी. दाद मागायची म्हणजे पुन्हा माझ्याकडेच. तिनं मागितली. 'तुम्हाला माझ्यावर विश्वास ठेवणं अवघड जातंय हे मी समजू शकते,' असं तिनं लिहिलं, आणि सोबत स्वतःच्या बाथरूमच्या जमिनीचा फोटो पाठवला. निळ्या फरश्या, लख्ख, कोरड्या, कोपऱ्यात पालथी घातलेली बादली. मी लिहिलं, 'वापरातलं बाथरूम इतकं कोरडं नसतं. फोटो दुकानाच्या जाहिरातीतला आहे. आम्ही दुधखुळे नाही.'

एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही. तिचा मजकूर मी जसाच्या तसा फोरमच्या पहिल्या पानावर डकवला, वर लिहिलं, 'खोटा सदस्य कसा ओळखावा: एक नमुना', आणि एकेका वाक्याखाली शेरे मारले. 'त्यांचं चिडणं बरोबरच आहे' याच्याखाली लिहिलं, 'इतका साळसूदपणा खऱ्या माणसाला परवडत नाही.' लोकांनी काय उचलून धरलं ते! गळतीनं पिडलेल्या माणसांना इतके दिवस एक वरच्या मजल्यावरचं माणूस हातात सापडत नव्हतं, ते सापडलं. ज्यानं त्यानं आपापल्या वरच्या मजल्यावरचा राग तिच्यावर काढला. काहींचे शब्द मलासुद्धा जड वाटले. पण मी ते काढले नाहीत. राग खरा होता ना.

त्यानंतरच्या एका सकाळी मी आंघोळीला बसलो होतो. साबण लावून झाला होता, तोंडाला फेस, डोळे मिटलेले. मानेवर टप् झालं. मी वरच्या दिशेनं एक शिवी हासडली. उत्तरादाखल छताचा ताटाएवढा तुकडा सुटला आणि माझ्या खांद्याला घासून बादलीत आपटला. बादली फुटली. आणखी दोन बोटं इकडे पडला असता तर ही कथा तुम्हाला आमच्या हिनं सांगितली असती.

भीती वाटायला हवी होती, पण मला रागच आला. माझ्याकडे सगळ्या भावनांसाठी तोच एक दरवाजा आहे. मी टॉवेल गुंडाळला, वर सदरा चढवला, तो उलटा, आणि ही "अहो, तोंड तरी धुवा!" म्हणून ओरडत असताना जिना चढून वरची बेल दाबून धरली.

लायब्ररीच्या बाईंनी दार उघडलं. कामावर जायच्या तयारीत होत्या, खांद्याला मोठी पिशवी. माझा अवतार बघून त्या हसल्या नाहीत. "काका! लागलं का कुठे? आधी आत या, डोळ्यांत साबण जाईल," म्हणाल्या, आणि मला स्वयंपाकघराच्या नळापाशी नेऊन हातात स्वच्छ पंचा दिला.

"स्वयंपाकघर कशाला?" मी फेसातून गरजलो. "बाथरूम कुठाय तुमचं? मला बघायचंय ते!"

"बघा ना. पण तिथे पाणी नाही. कॉक बंद करून ठेवलाय मी, कधीचाच."

त्यांनी बाथरूमचं दार उघडलं. मी तोंड पुसलं आणि पाहिलं.

निळ्या फरश्या. लख्ख, कोरड्या. कोपऱ्यात पालथी घातलेली बादली.

"मी आंघोळीला बहिणीकडे जाते," त्या सांगत होत्या. "म्हटलं, आपण वापरलंच नाही तर तुमचं थांबेल. पिशवीत कपडे घेऊन निघते, तिकडून तशीच लायब्ररीत. पण तरी थांबत नाही म्हणता? मग कुठून येतंय हो हे पाणी? मी एका फोरमवरसुद्धा विचारलं होतं. पण तिथे मला कोणी खरंच मानेना. तिथले ते मॉडरेटर आहेत, पोपडा म्हणून. मला वाटतं फार दुःखी माणूस असावा. घरात कोणीतरी आजारी असेल त्यांच्या."

माझ्या घरात कोणी आजारी नव्हतं. खाली ही खणखणीत आवाजात कामवालीला फुटकी बादली दाखवत होती, ते वरपर्यंत ऐकू येत होतं.

विम्याच्या धंद्यात एक क्षण येतो. दावा खोटा म्हणून फेकायच्या बेतात असता आणि समोरचा माणूस जळका हात पुढे करतो. अशा वेळी काय करायचं हे आम्हाला कोणी शिकवलेलं नव्हतं. गप्प बसून खाली जाता आलं असतं. त्यांना कधीच कळलं नसतं. जिन्याकडे वळलोही मी. पण पंचा हातात होता. त्यांचा.

"पोपडा मी," मी म्हणालो.

त्यांना आधी कळलंच नाही. "काय पडला? पोपडा?"

"पोपडा मीच. तुम्हाला बाहेर काढलं ते मी. ते नमुना वगैरे लिहिलं तेही मीच."

खांद्यावरची पिशवी त्यांनी हळूच खाली ठेवली. आणि मग मी त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

"तुम्ही?" इमारतीच्या जिन्यात तो आवाज वरून खालपर्यंत गेला. "माझ्या घरात मी हात धुवायला स्वयंपाकघरात जाते! ओले केस घेऊन बसमध्ये उभी राहते! बहिणीच्या नवऱ्याची वाकडी तोंडं बघते! कोणासाठी? आणि तुम्ही माझं लिहिणं चारचौघांत टांगून ठेवलंत? खाली लोकांनी काय काय लिहिलं, वाचलंत ना? वाचूनही ठेवलंत ना तसंच?"

"अहो, माझा सिद्धांत..."

"खड्ड्यात गेला तुमचा सिद्धांत! मला वाटलं माझंच चुकलं. मी माझ्या त्या चार ओळी पुन्हा पुन्हा वाचत बसले, काका. यातलं काय खोटं वाटतंय म्हणून. माझ्या बोलण्यातच काही खोट आहे का म्हणून. लायब्ररीत कोणी पुस्तक मागितलं तरी बोलायची भीती वाटायला लागली मला!"

खाली हेडमास्तरांचं दार उघडलं, त्यांचं डोकं बाहेर आलं आणि परिस्थिती पाहून परत आत गेलं. बाईंनी माझ्या हातातून पंचा ओढून घेतला आणि दार लावलं. दाराचा आवाज खालच्या सेक्रेटरीलाही ऐकू गेला असणार.

मी उलट्या सदऱ्यात जिन्यात उभा. राग आला की तो कोणावर तरी काढायचा, ही माझी जन्माची पद्धत. मी सवयीनं इकडेतिकडे बघितलं. जिन्यात मी एकटाच होतो.

कपडे करून तडक दवाखान्यात गेलो. खुर्चीत एक पेशंट आ करून पडला होता, त्याच्या देखतच सगळं सांगितलं. डॉक्टरांच्या हातातला आरसा पेशंटच्या तोंडातच राहिला. ताई मात्र जागची उठली नाही. तिनं माझ्यासमोर पानगळला परत आत घेतलं, तो नमुना काढून टाकला, मला मॉडरेटर म्हणून कमी केलं, आणि कॉम्प्युटर माझ्याकडे वळवून म्हणाली, "लिहा आता."

मी लिहिलं. ताईनं वाचलं. "यातलं 'परंतु' काढा."

काढलं.

"'माझ्या अनुभवामुळे' हे काढा. 'काहींचा गैरसमज झाला असल्यास' काढा."

"अहो मग यात उरतं काय?"

"माफी," ताई म्हणाली.

आयुष्यात इतकं छोटं आणि इतकं अवघड मी काही लिहिलेलं नाही. खाली टोपणनाव न घालता स्वतःचं नाव घातलं. त्याखाली तासाभरात पानगळचा एकच शब्द आला: 'वाचलं.' मांजराच्या डागवाल्यानं स्वतःचे जुने शब्द गुपचूप काढून टाकले.

पानगळच्या मूळ प्रश्नाखाली ताईनं कॉक बंद असल्याचं जोडलं होतं; त्याला मात्र उत्तर आलं, आणि ते दिलं छत्रीवाल्यांनी. त्यांनी लिहिलं, 'पानगळताई, तुम्ही कॉक बंद ठेवूनही खाली गळतंय, म्हणजे पाणी तुमचं नाहीच. गच्चीवरच्या टाकीचा पाइप भिंतीतून येत असेल. आमच्याकडेही शेवटी तेच निघालं. टाकी एक दुपारभर बंद ठेवा. थेंब थांबला तर दुसरीकडे शोधू नका.' म्हणजे हा माणूस पहिल्या दिवसापासून हे उत्तर खिशात घेऊन फिरत होता, आणि मी त्याच्याकडे छत्रीचा फोटो मागत होतो. मला इतका राग आला की मी उठून खिडकीशी जाऊन उभा राहिलो. ही म्हणाली, "आता कोणावर?"

त्या दिवसानंतर वरच्या बाई जिन्यात भेटल्या की भिंतीकडे बघून जायच्या. 'काका' नाही, काही नाही. सेक्रेटरीकडे मात्र त्या गेल्या, आणि मी तेव्हा जिन्यात टपालपेटीपाशी होतो, म्हणून ऐकलं. सेक्रेटरी म्हणाला, "गळती खाजगी आहे की सामाईक, हे आधी..."

"गच्चीची किल्ली द्या," बाई म्हणाल्या. आवाज तोच, जिन्यात ऐकलेला.

"पण कमिटी..."

"किल्ली!"

मी त्या माणसाची पापणी पहिल्यांदा लवताना पाहिली. किल्ली आली. टाकी बंद झाली. दुपारभर मी बाथरूममध्ये स्टुलावर बसून छताकडे बघत होतो. थेंब थांबला.

दुसऱ्या दिवशी आमची बेल वाजली. दारात त्या, मागे प्लंबर, त्याच्या हातात घण. हेडमास्तरही मार्गदर्शन करायला आपल्या दारात येऊन उभे राहिलेले. मी तोंड उघडलं. बरंच काही सांगायचं होतं मला: माझं चुकलं ते, छत्रीवाल्यांचं, शिवाय तो घण जरा जपून कसा मारावा याबद्दलही माझं काही मत होतं.

"भिंत तुमच्या बाजूनं फोडायचीय," त्या म्हणाल्या. "तुमच्या घरातला नळ बंद करा. आणि याचं काम होईपर्यंत तोंडही."

मी दोन्ही बंद केले.